बाळाची नजर आणि पुठ्ठ्याचं चिमणाळं

“बाई, पोरगं चिमणाळ्याकडं बगतच न्हाई.”

आजी हे म्हणाल्या तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि बाहेर अजून साठ-सत्तर बाळं रांगेत होती. सरकारी रुग्णालयातला लसीकरणाचा दिवस ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. रडारड, टोपडी, दुपटी, हरवलेली कार्डं. आजींच्या मांडीवरचा नातू सहा आठवड्यांचा होता. वजन चांगलं वाढलेलं, अंगावर नीट पिणारा, लस टोचल्यावर जोरात रडून लगेच शांत झालेला. घाईत असलेल्या बालरोगतज्ज्ञाला यापेक्षा जास्त काही नको असतं. मी म्हटलं, “लहान आहे हो अजून. बघायला लागेल हळूहळू.” आणि पुढच्या बाळाचं कार्ड हातात घेतलं.

चार आठवड्यांनी, दुसऱ्या डोसाला, आजी पिशवीतून चिमणाळंच घेऊन आल्या. घरचं किराणा दुकान. चहा, साबण, उदबत्ती यांच्या रिकाम्या खोक्यांचे पाच पक्षी त्यांनी कापले होते, आतल्या पांढऱ्या बाजूवर दुकानातल्या काळ्या मार्करने जाड पट्टे ओढले होते आणि सगळे कामटीच्या कड्याला बांधले होते. ते त्यांनी बाळाच्या तोंडासमोर धरलं आणि मला म्हणाल्या, “आता तुमीच बगा. माज्या पाचीच्या पाची पोरांनी ह्या वयात ह्याच्यावर डोळं लावलेलं.”

बाळाचे डोळे छताकडे गेले, भिंतीकडे गेले, मग नुसतेच इकडून तिकडे फिरत राहिले. पक्ष्यांवर एकदाही थांबले नाहीत. मी खोलीतला दिवा बंद केला आणि ऑफ्थॅल्मोस्कोप हातात घेतला. निरोगी डोळ्यात या उपकरणाचा उजेड टाकला की बाहुलीतून तांबूस चमक परत येते. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत डोळे लाल दिसतात, तीच ही चमक. या बाळाच्या दोन्ही बाहुल्यांत ती नव्हती. राखाडी-पांढरट पडदा होता. दोन्ही डोळ्यांत जन्मजात मोतीबिंदू.

मोतीबिंदू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आजोबा येतात. पण काही बाळं तो घेऊनच जन्माला येतात. कधी तो आनुवंशिक असतो, कधी गरोदरपणात आईला झालेल्या रुबेलामुळे होतो, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. आजोबांचा मोतीबिंदू सहा महिने उशिरा काढला तर त्यांची सहा महिन्यांची गैरसोय होते. बाळाचा उशिरा काढला तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही नजर अधू राहू शकते. कारण बघणं हे काम फक्त डोळ्याचं नाही, मेंदूचंही आहे, आणि मेंदू ते पहिल्या काही महिन्यांतच शिकतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला. नंतर तो उघडला तेव्हा डोळा धडधाकट होता, पण मेंदूने त्याच्याशी संबंध तोडला होता. या कामासाठी त्यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. माणसाच्या बाळाचंही असंच आहे. एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर तो साधारण ६ आठवड्यांच्या सुमारास आणि दोन्ही डोळ्यांत असेल तर ८ ते १० आठवड्यांपर्यंत काढायला हवा, असं नेत्रतज्ज्ञ सांगतात.

आजींनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा नातू ६ आठवड्यांचा होता. मी ऐकलं तेव्हा १० आठवड्यांचा. शस्त्रक्रिया झाली तेव्हा तो बाराव्या आठवड्यात होता. मधल्या चार आठवड्यांचा हिशेब माझ्या नावावर आहे.

तेव्हापासून मी या खेळण्याकडे गांभीर्याने पाहायला लागले. ओपीडीत येणारे शहरी आईबाप विचारतात, “मॅडम, पाळण्यावर कुठलं खेळणं घेऊ?” आणि मोबाइलवर दुकानांतले फोटो दाखवतात. बॅटरीवर फिरणारे फिकट गुलाबी हत्ती, आकाशी ढग, वर संगीत, हजार-दोन हजार रुपये. मी त्यांना सांगते, घरात टूथपेस्टचं खोकं आहे ना? ते फेकू नका.

यात कंजूषपणा नाही. नवजात बाळाला काय दिसतं ते आधी बघू या. जन्मतः बाळाची नजर ढोबळमानाने अशी असते की, आपल्याला १२० मीटरवरून जे दिसेल ते त्याला ६ मीटरवर आणावं लागतं. त्याला त्यातल्या त्यात बरं दिसतं ते २० ते ३० सेंटीमीटरवरचं, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढं. रंगांची ओळख पहिल्या एक-दोन महिन्यांत कच्ची असते. चौथ्या महिन्याच्या सुमारास ती बरीचशी पक्की होते. त्यामुळे फिकट गुलाबी हत्ती आणि फिकट आकाशी ढग हे आईबापांच्या डोळ्यांसाठी असतात. बाळाच्या लेखी ते धुक्यातलं धुकं. त्याची नजर खिळते ती काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर. पहिल्या महिन्यात बाळ आईच्या डोळ्यांत कमी आणि केसांच्या कडेकडे जास्त बघतं ते याचसाठी. कपाळावर ठसठशीत कुंकू असेल तर तिथेही. (काळ्या रंगावरून आठवलं: बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नका. काही काजळांत शिसं सापडलं आहे, आणि घालणाऱ्या बोटाची नखं कुणी तपासलेली नसतात.)

रॉबर्ट फॅन्ट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये जन्मून काही तास ते पाच दिवस झालेल्या बाळांना एकेक गोल तबकडी दाखवली. एकीवर चेहरा, एकीवर एकात एक वर्तुळं, एकीवर वर्तमानपत्राचा छापील तुकडा, आणि बाकीच्या कोऱ्या: पांढरी, पिवळी, लाल. बाळं सगळ्यात जास्त वेळ चेहऱ्याकडे आणि वर्तुळांकडे बघत राहिली. कोऱ्या लाल तबकडीपेक्षा वर्तमानपत्राच्या तुकड्याकडेही त्यांनी थोडं जास्तच पाहिलं. वाचक लवकर तयार होतो म्हणायचा.

तेव्हा बाळाला हवं ते सगळं घरातल्या रद्दीत आहे. पुठ्ठ्याची आतली कोरी बाजू, काळा रंग आणि थोडा दोरा.

करायचं कसं, तेही सांगते. आमच्या नवजात शिशू कक्षात कमी दिवसांची बाळं दोन-दोन, तीन-तीन आठवडे राहतात आणि त्यांच्या आया शेजारच्या माता कक्षात बसून असतात. त्यांच्या हातांना काम हवं असतं. त्यांच्याबरोबर मी इतकी चिमणाळी केली आहेत की आता झोपेत करीन.

वरच्या कड्यासाठी पार्सलचं जाड, पन्हळी पुठ्ठ्याचं खोकं घ्या. त्यातून जेवणाच्या ताटाएवढी दोन कडी कापा, मैद्याच्या खळीने एकावर एक चिकटवा, वाळू द्या आणि वर जुन्या सुती साडीची पट्टी घट्ट गुंडाळा. ही पट्टी शोभेची नाही. पुठ्ठा एकट्याने दोऱ्याचा ताण सोसत नाही, भोकाशी फाटतो. कापड तो धरून ठेवतं. पावसाळ्यात पुठ्ठा सर्द होऊन लोंबतो, तेव्हा कामटीचं किंवा भरतकामाच्या जुन्या रिंगचं कडं बरं.

खाली टांगायचे तुकडे टूथपेस्ट, चहा, साबण यांच्या पातळ पुठ्ठ्याचे. चार-पाच पुरेत. प्रत्येक तुकडा आठ सेंटीमीटरचा, म्हणजे बाळाच्या तोंडात मावणार नाही एवढा. दोन तुकडे छापील बाजू आत घेऊन एकमेकांना चिकटवले की दोन्हीकडून कोरी बाजू बाहेर येते आणि पुठ्ठाही ताठ होतो. त्यावर काळ्या रंगाने काढा: एकात एक दोन-तीन वर्तुळं, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, जाड पट्टे, अर्धा काळा अर्धा पांढरा गोल, आणि एकावर दोन डोळे व तोंड. पट्टे निदान एक सेंटीमीटर रुंद हवेत. बारीक कलाकुसर करू नका. बाळाच्या नजरेत बारीक रेघा एकमेकींत मिसळून करडा डाग होतो. मोर काढायचा मोह आवरा. आमच्याकडे एका आईने अप्रतिम मोर काढला होता, पिसारा, डोळे, सगळं. बाळाने ढुंकूनही पाहिलं नाही, शेजारच्या तुकड्यावरचे चार पट्टे मात्र टक लावून बघत राहिलं. बाई रुसल्या. मी म्हटलं, मोर तुमच्या दिवाणखान्यात लावा.

दुकानातली बरीच खेळणी एका बाबतीत ठार चुकतात. त्यातले हत्ती-ससे उभे टांगलेले असतात. खोलीत उभ्या असलेल्या माणसाला त्यांचे चेहरे दिसतात. खाली निजलेल्या बाळाला दिसतात ते तळवे. आजींनी पक्षी आडवे, पोट खाली करून बांधले होते आणि सगळे पट्टे पोटावर होते. मी विचारलं तर म्हणाल्या, “पोर खालनं बगतंय, वरनं न्हाई.” तेव्हा तुकड्याला एक भोक पाडून उभा लटकवण्याऐवजी कडेला तीन भोकं पाडा, तीन दोरे वर एका गाठीत आणा. तुकडा थाळीसारखा आडवा राहील, चित्र खाली. पायलीभर पुस्तकं वाचून मला हे सुचलं नव्हतं.

पहिले काही आठवडे निजलेलं बाळ मान एका बाजूला टाकून असतं, बहुतेक वेळा उजवीकडे. तेव्हा बरोबर मध्ये टांगलेलं त्याला दिसतच नाही. थोडं त्या बाजूला, डोळ्यांपासून २५-३० सेंटीमीटरवर धरा किंवा टांगा. दोन-चार दिवसांनी बाजू बदला, म्हणजे मान दोन्हीकडे वळते आणि डोकं एका अंगाने चपटं होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बाळ सरळ वर बघायला लागलं की मध्ये आणा आणि उंच करा, हात पोहोचणार नाही एवढं. तेही नाका-तोंडाच्या बरोबर वर नको, छातीच्या वर. पडलंच तर तोंडावर पडू नये.

फिरवायला मोटर लागत नाही. खिडकीतून येणारी झुळूक, शेजारून कुणी गेलं तर हललेली हवा, तेवढ्यावर हे कडं सावकाश फिरतं, थांबतं, उलटं फिरतं. लहान बाळाचे डोळे अजून धक्क्या-धक्क्याने सरकतात, त्यांना सावकाश हलणारी वस्तूच गाठता येते. सतत गरगरणाऱ्या आणि वाजणाऱ्या यंत्रापुढे बाळ दमतं आणि तोंड फिरवतं. तोंड फिरवलं म्हणजे त्याला पुरे झालं. काढून ठेवा.

झोळीचं काय, असं विचाराल. झोळीत दोन्ही बाजूंनी कापड वर येतं, बाळाला दिसते ती छताची एक चिंचोळी पट्टी. शिवाय झोळीच्या दोऱ्यांत आणखी दोरे नकोत. चिमणाळं हे जागेपणीचं खेळणं आहे. सतरंजीवर दुपटं घालून बाळाला उताणं ठेवा, वर चिमणाळं, आणि शेजारी तुम्ही. झोपताना ते तिथे नको.

एकदा मी माता कक्षात ‘बाळाच्या पाळण्यावर मोबाइल टांगा’ असा तक्ता लावला होता. या खेळण्याला इंग्रजीत मोबाइल म्हणतात. अलेक्झांडर काल्डर यांच्या हलत्या शिल्पांना मार्सेल द्यूशाँ यांनी १९३१ मध्ये हे नाव दिलं आणि तिथून ते पाळण्यावर आलं. पंधरा दिवसांनी एक बाप मोठ्या अभिमानाने फोटो दाखवायला आला. झोळीच्या दोरीला चिमट्याने फोन अडकवलेला, त्यावर बडबडगीतं चालू आणि खाली दीड महिन्याचं बाळ. तक्ता मी त्याच दिवशी उतरवला. वर्षाखालच्या बाळाला पडदा अजिबात दाखवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. आणि मी तेव्हापासून चिमणाळं हाच शब्द वापरते. त्यात गैरसमजाला जागा नाही.

आता जे टांगायचं नाही ते. ही यादी माझ्याकडे अनुभवातून जमली आहे, आणि ती सांगताना माझा आवाज जरा चढतो.

मणी, घुंगरं, टिकल्या, आरसे नकोत. जुन्या चिमणाळ्यांत ते असायचे, मला माहीत आहे, आणि दिसायचेही सुंदर. पण दोरा जुना झाला की मणी गळतो आणि बाळ उताणं असतं. ३२ मिलिमीटर रुंदीच्या नळीत जी वस्तू मावते ती लहान मुलाच्या घशात अडकू शकते, असं खेळण्यांच्या तपासणीत धरतात. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची गोल डबी साधारण तेवढीच असते. माझ्या वयाच्या वाचकांकडे एखादी अजून असेल. त्यात जे बसेल ते बाद.

थर्मोकोल नको, त्याचे कण सुटतात. कॅरीबॅग आणि पातळ प्लास्टिक नको, ते नाका-तोंडावर चिकटलं तर बाळाला बाजूला करता येत नाही. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची चंदेरी चमक मोहात पाडते, पण तिच्या कडा पात्यासारख्या असतात आणि औषधाचा कण राहिलेला असू शकतो. स्टेपलरच्या पिना नकोत. घरात उरलेला जुना ऑइलपेंट नको. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा आपल्याकडचा नियम २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. माळ्यावरचा डबा त्याआधीचा असेल. मुलांचा साधा पाण्यातला काळा रंग पुरतो.

आणि सलाइनच्या नळीचे मासे. सरकारी रुग्णालयात राहिलेल्या प्रत्येकाने ते पाहिले आहेत. नळी उभी चिरून, विणून केलेले मासे, पोपट, हरणं. रात्रपाळीत बसल्या बसल्या नातेवाईक करतात आणि करतात फार छान. पण ती नळी कुणाच्या तरी शिरेला जोडलेली होती. ती लाल पिशवीतल्या जैववैद्यकीय कचऱ्यात जायला हवी, बाळाच्या डोक्यावर नाही. वॉर्डात वापरलेलं काहीही घरी नेऊ नका. औषध भांडारातली कोरी खोकी मागा, देतात.

दोरा सुती हवा आणि एकही लोंबता दोरा वीतभरापेक्षा लांब नको. लांब दोरा बाळाच्या हाताला, बोटाला, मानेला गुंडाळला जातो. टांगून झाल्यावर प्रत्येक तुकडा हाताने जोरात ओढून पाहा. तुमच्या हाताने निघाला तर बाळाच्या हाताने निघेलच.

विकतचं घेऊच नका, असं माझं म्हणणं नाही. २०२१च्या जानेवारीपासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते पाहून घ्या. मात्र त्यातली बॅटरी किंवा रिमोटमधली बटनासारखी चपटी बॅटरी कुठे आहे आणि तिचं झाकण स्क्रूने बंद आहे का, ते बघा. तशी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजून निघू शकते. घरात मोठं भावंडं असेल तर ही भीती बाळापेक्षा त्याच्याबाबत जास्त.

बाळ या खेळण्याशी नेमकं काय करतं, यावर एक संशोधन मला फार आवडतं. कॅरोलिन रोव्ही-कोलियर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा मुलगा काही आठवड्यांचा होता. पाळण्यावरचं खेळणं सतत हलवत बसण्याचा कंटाळा आला म्हणून त्यांनी त्याच्या पायाला फीत बांधून तिचं दुसरं टोक खेळण्याला जोडलं. थोड्या वेळात मुलाला कळलं की पाय झाडला की वरचं हलतं, आणि तो पाय झाडतच राहिला. त्यातून १९६९ मध्ये शोधनिबंध झाला आणि पुढे आयुष्यभराचं काम. तीन महिन्यांचं बाळ ही युक्ती आठवडाभर लक्षात ठेवतं, आणि वरचे तुकडे बदलले तर दुसऱ्याच दिवशी त्याला ते खेळणं परकं वाटतं, असं त्यांना आढळलं. इतक्या लहान बाळाला स्मृती असते हे तोवर फारसं कुणी मानत नव्हतं. घरी मात्र बाळाच्या पायाला काहीही बांधू नका. तो प्रयोग होता, शेजारी माणूस बसलेलं होतं.

मला डॉक्टर म्हणून यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. चिमणाळं टांगलं की घरातलं कुणीतरी बाळाच्या डोळ्यांकडे रोज बघायला लागतं. पहिल्या महिन्यात नजर क्षणभर थांबते. सहा आठवड्यांच्या सुमारास बाळ चेहऱ्याकडे बघून हसतं. तिसऱ्या महिन्यापर्यंत ते सावकाश सरकणाऱ्या तुकड्यामागे नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतं. पाहायचं असेल तर बाळ जागं, पोट भरलेलं आणि खुशीत असताना बघा, आणि तुकडा हलवताना आवाज करू नका, नाहीतर ते आवाजाकडे वळलं की बघण्याकडे ते कळत नाही. झोपाळलेलं बाळ कशाकडेच बघत नाही. एकदा नाही बघितलं म्हणून रडत माझ्याकडे येऊ नका. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पुन्हा बघा. कमी दिवसांच्या बाळाचं वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा.

पण दोन महिने झाले आणि बाळ चेहऱ्याकडे, चिमणाळ्याकडे नजर लावत नाही. डोळे सतत भिरभिरतात. बाहुलीत पांढरट काही दिसतं, किंवा फ्लॅशच्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा येतो. एक डोळा हाताने झाकला तर काही नाही आणि दुसरा झाकला की बाळ चिडतं. यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. फोटोतली पांढरी बाहुली मोतीबिंदूची असू शकते, क्वचित डोळ्याच्या कर्करोगाचीही. दाखवायला आलेली बहुतेक बाळं ठणठणीत निघतात आणि आईबाप ओशाळून जातात. ओशाळू नका. दिवा बंद करून बाहुली बघायला मला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. ती दोन मिनिटं मागून घ्या. डॉक्टर म्हणाले, “बघेल हळूहळू,” तर आजींसारखं चिमणाळं घेऊन परत या.

यासाठी फार लांब जावं लागत नाही. आशाताई बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. त्यांना सांगा. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत.

कमी दिवसांच्या बाळांचं दुखणं आणखी निराळं. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. बाहेरून काहीच दिसत नाही, बाळ चिमणाळ्याकडे बघतही असतं, आणि वेळेत लेसर किंवा इंजेक्शन मिळालं नाही तर पडदा सुटून ते कायमचं आंधळं होऊ शकतं. म्हणून जन्मापासून ३० दिवसांच्या आत, फारच लहान बाळांचं दोन-तीन आठवड्यांतच, नेत्रतज्ज्ञाने पडदा तपासावा लागतो. ही तारीख आम्ही डिस्चार्ज कार्डावर लिहितो. कार्ड हरवतं, घडीत फाटतं, पाण्यात भिजतं. गेली काही वर्षं मी तीच तारीख मार्करने चिमणाळ्याच्या कड्यावर आतल्या बाजूला लिहिते. आई रोज त्याखाली बसते. तारीख चुकलेल्या आया आता कमी दिसतात, निदान आमच्याकडून चिमणाळं घेऊन गेलेल्यांत.

चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळ हात उंचावून वस्तू धरायला लागतं, पालथं पडून हातांवर छाती उचलतं. त्या दिवशी चिमणाळं उतरवायचं. आठवडाभराने नाही, त्याच दिवशी. दोरे कापून कचऱ्यात टाका, पुठ्ठा रद्दीवाल्याला द्या. बाळाला आता वर बघायचं नसतं, हातात घ्यायचं असतं. एक वाटी आणि लाकडी चमचा द्या.

आजींचं चिमणाळं मात्र त्यांनी मला दिलं. ते माझ्या ओपीडीच्या खिडकीत आहे, पाचातला एक पक्षी उन्हाने पिवळा पडलाय. नातू आता नऊ वर्षांचा आहे. जाड भिंगांचा चष्मा आहे, डोळे किंचित थरथरतात, वर्गात पहिल्या बाकावर बसतो. मोठ्या अक्षरातलं नीट वाचतो, फळ्यावरचं सगळं दिसत नाही. गेल्या महिन्यात आला तेव्हा खिडकीकडे मान वाकडी करून बघत होता. म्हणाला, “मॅडम, हे पक्षी असे आडवे का टांगलेत? चित्र तर खाली आहे.” मी त्याला तपासणीच्या टेबलावर उताणं झोपायला सांगितलं आणि चिमणाळं काढून त्याच्या छातीवर धरलं.